कोठडीतले मृत्यू, चकमकी आणि पोलिसांचा पोलिसांवरचा तपास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोठडीत गेलेल्या माणसांचे नातेवाईक, वकिलीचे विद्यार्थी, तालुक्याचे पत्रकार हे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खाली तिला फक्त 'संहिता' म्हटलं आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, म्हणून हे वाचून झालं तरी वकिलाला भेटाच.

१. कोठडीत माणूस मेला तर चौकशी कुणी करायची असते?

दोन चौकशा व्हायला हव्यात, एकीच्या बदल्यात दुसरी चालत नाही. पोलिसांचा तपास होतोच. त्याशिवाय संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याने, म्हणजे मॅजिस्ट्रेटने, स्वतंत्र चौकशी करणं बंधनकारक आहे. कोठडीत मृत्यू, कोठडीतून माणूस बेपत्ता होणं आणि कोठडीतल्या बलात्काराचा आरोप, या तिन्हींना हे लागू होतं. पूर्वी हेच कलम १७६(१अ) होतं.

पीसीआरमध्ये, म्हणजे पोलीस कोठडीत, मृत्यू झाला तरच हे लागू होतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. एमसीआरमध्ये, म्हणजे न्यायालयीन कोठडीत, तुरुंगातून सिव्हिलला नेताना किंवा सिव्हिलच्या खाटेवर मृत्यू झाला, तरी माणूस कोठडीतच होता. 'तो आमच्या ताब्यात नव्हता, दवाखान्यात वारला' हे वाक्य ऐकून परत फिरू नका.

२. कोठडीतल्या मृत्यूचा तपास सीआयडीकडे देतात. पण सीआयडी म्हणजे पोलीसच ना? मग निष्पक्ष तपास कसा होणार?

शंका रास्त आहे. राज्य गुन्हे अन्वेषण विभाग गृहखात्याच्याच हाताखाली असतो. संबंधित पोलीस ठाण्याकडून तपास काढून सीआयडीकडे दिला की कागदावर अंतर तयार होतं. पण तपास करणारा आणि ज्याचा तपास होतोय तो, दोघंही एकाच दलातले. उद्या बदली होऊन ते एकाच कार्यालयात बसू शकतात. म्हणूनच कायद्याने मॅजिस्ट्रेटची चौकशी वेगळी ठेवली आहे आणि म्हणूनच तिला लागणारा पुरावा वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं ठरतं. तो पोहोचला नाही तर काय होतं, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

३. 'तपासात अडथळा' म्हणजे नेमकं काय करतात? कुणी फाइल जाळतं का?

फाइल जाळायची गरजच पडत नाही. आम्ही पाहिलेले अडथळे बहुतेक साधे, कारकुनी दिसतात. मृत्यूची नोंद गुन्हा म्हणून होत नाही, 'अकस्मात मृत्यू' म्हणून एडी क्रमांक पडतो. त्या एडीवर महिनोन्‌महिने 'चौकशी सुरू' असतं. अटकेची वेळ पुढे ढकलली जाते, म्हणजे उचलून नेल्यापासून अटक दाखवेपर्यंतचे तास कुणाच्याच खात्यावर राहत नाहीत. लॉकअपमध्ये सोबत असलेल्या कैद्यांचे जबाब त्याच ठाण्यात, त्याच हवालदारासमोर घेतले जातात.

कधी मात्र उघड पुरावा नष्ट केला जातो. सांगलीत २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जबरी चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण 'पळून गेला' असं पोलिसांनी सांगितलं. तो कोठडीतल्या मारहाणीत मेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला होता, हे तपासात बाहेर आलं. 'पळून गेला' ही नोंद म्हणूनच सगळ्यात धोकादायक समजा. मृत्यूच नोंदलेला नसल्याने पंचनामा नाही, पीएम, म्हणजे शवविच्छेदन, नाही, आणि घरच्यांना वाटत राहतं की आपला माणूस कुठेतरी लपून बसलाय.

पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. कुणाला वाचवण्यासाठी सरकारी नोकराने खोटी नोंद करणं हा कलम २५६ खाली आणखी वेगळा. तक्रार लिहिताना मारहाणीबरोबर ही दोन्ही कलमं नावानिशी लिहा. मारणारे दोघं असतात, कागद फिरवणारे जास्त असतात.

४. फोन आला की तुमचा माणूस गेला. पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी एक प्रसंग सांगतो. एका सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेरच्या बाकावर मी एका बाईंशेजारी बसलो होतो. मुलगा आत होता. एक हवालदार आला, अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "मावशी, इथं सही करा, म्हणजे बॉडी लवकर मिळेल." कागद छापील होता, मधल्या जागा कोऱ्या. खाली एकच ओळ भरलेली होती: 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठा पुढे केला होता.

तर, कोरा किंवा अर्धवट भरलेला कागद सही करू नका. मृतदेह ताब्यात घेण्यासाठी 'तक्रार नाही' असं लिहून द्यावं लागत नाही. पोचपावतीवर सही करायचीच असेल तर खाली स्वतःच्या हाताने 'मृत्यूबाबत तक्रार आहे' एवढं लिहा.

त्याच दिवशी लेखी तक्रार पाठवा. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, जिल्हा न्यायाधीश आणि मानवाधिकार आयोग, तिघांनाही ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने. वेळ लिहा. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वर्सोव्याला चकमकीत मारल्या गेलेल्या लखनभय्याच्या वकील भावाने, भावाला उचलल्याचं कळताच, चकमकीची बातमी येण्याआधीच अधिकाऱ्यांना तार आणि फॅक्स पाठवले होते. पुढे अख्खा खटला त्या वेळांभोवती उभा राहिला. तुमच्याकडे फॅक्स नसेल, पण मोबाइलवरून केलेल्या ईमेलवरही वेळ असते.

अंगावरच्या जखमांचे फोटो काढा. माणसाला कधी, कुठून, कोणत्या गाडीतून नेलं हे पाहिलेल्या शेजाऱ्यांची नावं आजच लिहून ठेवा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

५. पीएमच्या वेळी आम्हाला काय मागता येतं?

चोवीस तासांच्या आत मृतदेह तपासणीसाठी पाठवायचा असतो. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवायचं आणि हजर राहू द्यायचं, हे कलमातच आहे. कोठडीतल्या मृत्यूच्या पीएमचं चित्रीकरण व्हावं, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ पासून राज्यांना सांगितलेलं आहे. चित्रीकरण होणार का, हे पीएम सुरू होण्याआधी लेखी विचारा. इन्क्वेस्ट पंचनाम्यातले, म्हणजे मृतदेहाच्या पाहणीच्या पंचनाम्यातले, पंच कोण, ते पाहा. पोलीस ठाण्याचे नेहमीचे पंच असतील तर हरकत लिहून द्या. गावात पीएम नको, वैद्यकीय महाविद्यालयात व्हावं अशी मागणीही करता येते. परभणीच्या प्रकरणात (प्रश्न ८) पीएम छत्रपती संभाजीनगरला झालं आणि त्याच अहवालाने पुढची दिशा ठरवली.

दहन करण्याआधी वकिलाशी बोला. पुन्हा पीएम हवं असेल तर मृतदेह लागतो.

६. सीसीटीव्ही मागितलं की 'त्या दिवशी बंद होता' म्हणतात. मग?

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला: प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू अशा सगळीकडे कॅमेरे हवेत, त्यांत आवाज आणि अंधारातलं चित्रण हवं. चित्रीकरण अठरा महिने, आणि तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर निदान एक वर्ष जपलं पाहिजे. कॅमेरा बिघडला तर ठाण्याच्या प्रमुखाने जिल्हास्तरीय देखरेख समितीला लगेच कळवायचं असतं.

म्हणून 'बंद होता' हे उत्तर मिळालं की पुढचं पत्र तयार ठेवा: बिघाड कधी झाला, समितीला कोणत्या तारखेला कळवलं, दुरुस्तीचं पत्र कुठे आहे? खरा बिघाड असेल तर कागद असतो. फुटेज जपून ठेवा अशी मागणी पहिल्याच तक्रारीत करा. सहा महिन्यांनी कोर्टाकडून आदेश आणेपर्यंत ते पुसलं गेलेलं असू शकतं.

७. चकमकीला वेगळे नियम आहेत का?

आहेत, आणि ते महाराष्ट्रातूनच आले. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसं मारली गेली. त्यावरून चाललेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. खबर मिळाली तर ती आधी नोंदवायची. मृत्यू झाला की एफआयआर. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, वरिष्ठाच्या देखरेखीखाली. पीएम दोन डॉक्टरांनी करायचं आणि चित्रित करायचं. मॅजिस्ट्रेटची चौकशी अनिवार्य. लगोलग शौर्यपदक किंवा बढती नाही. या सूचना पाळल्या गेल्या नाहीत असं कुटुंबाला वाटलं तर थेट सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. ही शेवटची सूचना फार कमी लोकांना माहीत आहे. ती वापरा.

बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूर शाळा प्रकरणातल्या आरोपीला तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्रा बायपासवर पोलीस व्हॅनमध्ये गोळी घातली गेली. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावलं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीला लागणारी कागदपत्रं आणि पुरावे सीआयडीकडून वेळेवर मिळेनात, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने सीआयडीला सुनावलं. २०२५ च्या जानेवारीत मॅजिस्ट्रेटचा अहवाल आला. पिस्तुलावर मृताचे ठसे नाहीत, असं नोंदवून त्यात व्हॅनमधल्या पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं. तरीही एफआयआर नोंदवायला सरकार तयार होईना. शेवटी ७ एप्रिल २०२५ ला उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. ते पथक पोलीस महासंचालकांनी नेमावं, असा बदल सर्वोच्च न्यायालयाने पुढे केला.

८. मॅजिस्ट्रेटने पोलिसांना दोषी धरलं, मग आपोआप गुन्हा दाखल होतो का?

नाही. कायद्यातली सगळ्यात मोठी फट हीच आहे. कलम १९६ चौकशी करा म्हणतं. चौकशीचा अहवाल आल्यावर कुणी काय करायचं, हे सांगत नाही.

परभणीचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर शहर पेटलं, धरपकड झाली. अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत वारला. प्रकृतीचं कारण पुढे केलं गेलं, पीएममध्ये मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं. मॅजिस्ट्रेटनेही पोलिसांना जबाबदार धरलं. तरी गुन्हा नाही. त्याच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली, ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने एफआयआरचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथे हरलं.

त्या तारखा सलग वाचा. मुलगा गेल्यापासून नुसता गुन्हा नोंदवायला साडेसात महिने, आणि तेही सरकारशी दोन न्यायालयांत भांडून. अहवाल हातात आल्यावर वाट पाहत बसू नका, याचिकेची तयारी तेव्हाच सुरू करा.

९. ठाण्यात एफआयआर घेत नाहीत. कोर्टातून आदेश आणता येईल का?

येईल, पण नव्या संहितेत वाट अरुंद झाली आहे. पूर्वीचं कलम १५६(३) आता १७५(३) आहे: आधी ठाणं, मग अधीक्षक, मग शपथपत्रासह मॅजिस्ट्रेट. मात्र तक्रार सरकारी नोकराविरुद्ध असेल आणि घटना कर्तव्याच्या ओघात घडलेली असेल, तर नवं कलम १७५(४) लागतं. आदेश देण्याआधी मॅजिस्ट्रेटने त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडून अहवाल मागवायचा आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणं विचारात घ्यायचं. ज्याच्यावर आरोप, त्याच्या साहेबाचा अहवाल आधी! आम्हाला ही तरतूद चुकीची वाटते. ती आहे तोवर अर्जातच स्पष्ट लिहा की कोठडीत मारहाण करणं हे कर्तव्य नाही, म्हणून १७५(४) इथे लागत नाही.

१०. 'सरकारची मंजुरी आली नाही' म्हणून खटला अडलाय. किती थांबायचं?

कलम २१८ प्रमाणे, म्हणजे जुन्या १९७ प्रमाणे, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल काही सरकारी नोकरांवर खटला भरायला मंजुरी लागते. नव्या संहितेत एक चांगली गोष्ट झाली आहे: १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. नकार मात्र १२० दिवसांच्या आत येऊ शकतो.

मंजुरी हा मोठा बांध आहे. ख्वाजा युनूस हा परभणीचाच अभियंता, घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात २००२ च्या डिसेंबरमध्ये पकडलेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात चौदा पोलिसांची नावं आली. सरकारने मंजुरी दिली चौघांविरुद्ध. खटल्यात विशेष सरकारी वकिलांनी आणखी चार पोलिसांना आरोपी करा असा अर्ज दिला. २०१८ मध्ये सरकारने त्या वकिलांनाच हटवलं आणि खटला पुन्हा रखडला.

बनावट चकमक किंवा कोठडीतला छळ हा कर्तव्याचा भाग होऊ शकत नाही, असं न्यायालयांनी म्हटलेलं आहे. पण कर्तव्य करताना अतिरेक झाला, अशी मांडणी झाली तर मंजुरी लागते, असाही सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. म्हणून तक्रारीत 'जास्त मारलं' असं लिहू नका. 'मारण्याचं काहीही कारण नसताना मारलं' असं असेल तर तसंच लिहा.

११. 'सी समरी' आली असं पत्र आलंय. म्हणजे केस संपली?

नाही. आपल्याकडे तपास बंद करताना ए, बी किंवा सी समरी देतात. ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. बी म्हणजे तक्रार खोटी. सी म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. समरी स्वीकारायची की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवतो, आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा समरीला हरकत घेणारा निषेध अर्ज द्या. 'बी' आली तर जास्त सावध राहा, तुमच्यावरच उलटी कारवाई होऊ शकते.

१२. खातेनिहाय चौकशी चालू आहे, पोलिसाला निलंबित केलंय. ते पुरेसं नाही का?

खातेनिहाय चौकशी नोकरीच्या शिस्तीची असते. शिक्षा फार तर बडतर्फी. पगारवाढ रोखणं हेही 'कारवाई झाली' म्हणून सांगितलं जातं. फौजदारी खटल्याशी तिचा संबंध नाही आणि ती चालू आहे म्हणून एफआयआर थांबवता येत नाही. निलंबन ही तर शिक्षाच नाही. निलंबित माणूस परत येतो तेव्हा काय, ते प्रश्न १७ मध्ये.

१३. मानवाधिकार आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरण यांचा उपयोग होतो का?

होतो, मर्यादित. कोठडीतला मृत्यू चोवीस तासांत राष्ट्रीय आयोगाला कळवायचा, हा नियम १९९३ पासून आहे. तो कळवला का, हे विचारणं हाच एक दाब असतो. आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्रात राज्य आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणं आली, तीही तक्रार घेतात. दोघांच्याही हातात मुख्यतः शिफारस आहे. तिथे अर्ज देऊन कोर्टाची वाट सोडू नका.

१४. माहिती अधिकारात काय मिळतं?

स्टेशन डायरी, लॉकअप रजिस्टर, गाडीचं लॉगबुक मागा. 'तपास चालू आहे' एवढंच कारण पुरत नाही. माहिती दिल्याने तपासात नेमका कसा अडथळा येईल, हे अधिकाऱ्याने सांगायला हवं. स्टेशन डायरीची प्रत आली की क्रमांक आणि वेळा बोट ठेवून वाचा. रात्री ११.४० ची नोंद ११.५५ च्या नोंदीनंतर कशी, दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात कोंबलेलं वाक्य कुणाच्या हस्ताक्षरात, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. गुप्तचर संस्थांना या कायद्यातून सूट असली तरी मानवी हक्कभंगाच्या आरोपाची माहिती त्या सुटीत येत नाही.

१५. आई-वडिलांनी माघार घेतली तर प्रकरण बंद होतं का?

फौजदारी गुन्हा सरकारविरुद्धचा असतो, कुटुंबाची खासगी मालमत्ता नसतो. बदलापूर प्रकरणात आई-वडिलांनी २०२५ च्या फेब्रुवारीत सांगितलं की आम्हाला हे पुढे चालवायचं नाही. उच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं नाही, न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमून सुनावणी चालू ठेवली.

माघार घेणाऱ्यांना दोष देऊ नका. काय काय सहन करून ती घेतली जाते, ते आम्ही पाहिलंय. साक्षीदारांचीही तीच गत. लखनभय्या प्रकरणातला मुख्य साक्षीदार साक्षीच्या काही दिवस आधी, मार्च २०११ मध्ये, बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेहच सापडला. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून देशभर लागू आहे. धमकीची वाट न पाहता अर्ज करा.

१६. मारहाण झाली हे आम्हीच सिद्ध करायचं का? आत काय झालं ते आम्हाला कसं कळणार?

तत्त्वतः सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावरच, आणि इथे सरकार पक्षाचे साक्षीदार पोलीस असतात. १९८५ मध्ये विधी आयोगाने ११३ व्या अहवालात सुचवलं होतं की कोठडीत जखम झाली असेल तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. ते कलम आलं नाही. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता अजून दिलेली नाही.

असं गृहीतक अशक्य नसतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७२ मध्ये देसाईगंज ठाण्यात झालेल्या मथुरा प्रकरणात आरोपी पोलीस सुटले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं गृहीत धरणारं कलम कायद्यात आलं. कोठडीतल्या मृत्यूसाठी तसं घडलेलं नाही.

सैन्याच्या बाबतीत भिंत आणखी उंच आहे. काश्मीरमध्ये पथरीबलला २००० साली पाच गावकरी मारले गेले. सीबीआयने आरोपपत्र दिलं, सैन्याने प्रकरण स्वतःकडे घेतलं आणि २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून बंद केलं. नागालँडमधल्या ओटिंगला २०२१ मध्ये नागरिक मारले गेले. राज्य पोलिसांनी तीस जवानांविरुद्ध आरोपपत्र दिलं, केंद्राने मंजुरी नाकारली.

१७. ज्याच्यावर आरोप आहे तोच पोलीस परत ड्यूटीवर आलाय. काही करता येतं का?

निलंबनाचा आढावा समिती घेते, आणि खटला वर्षानुवर्षं रखडला की तेच कारण देऊन पुन्हा सेवेत घेतात. ख्वाजा युनूस प्रकरणातले आरोपी सचिन वाझे आणि इतर तीन पोलीस जून २०२० मध्ये मुंबई पोलिसांत परतले. युनूसच्या आईने त्याविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाची याचिका केली.

तुमच्या प्रकरणात असं झालं तर तीन गोष्टी लगेच करा. पुनर्स्थापनेचा आदेश आणि समितीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. खटल्याच्या न्यायालयात अर्ज देऊन त्याची नेमणूक साक्षीदारांच्या हद्दीत नको, असं मागा. आणि तो तुमच्या गल्लीत, दुकानात, मुलाच्या शाळेबाहेर दिसला तर प्रत्येक वेळी तारीख, वेळ, गणवेशात की साध्या कपड्यांत, सोबत कोण, हे एका वहीत लिहीत जा. मोबाइल हरवतो, बदलतो. वही घरात आईच्या ट्रंकेत ठेवा.